बुडालेलं तेल

पोकळमिस्त्री हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण चिकटलं ते कायमचं. काम हवा काढून घेण्याचं. मासे पिशवीत बंद करणारे, गोठ्यात यंत्राने दूध काढणारे, फ्रिज दुरुस्त करणारे, दातांचे डॉक्टर, ज्यांना म्हणून कुठल्या तरी भांड्यातली हवा ओढायची असे, ते सगळे आपापले पंप दुरुस्तीला घेऊन रस्त्याच्या टोकाच्या त्या एका खोलीत येत. बायको पाहुण्यांना सांगे, "लोकांचे नवरे काहीतरी बनवतात. आमचे आहे तेही काढून टाकतात." मिस्त्री खाली बघून हसत. बोलण्यात ते तिच्यापुढे टिकणारे नव्हतेच.

बोलत फक्त पंपाबद्दल. नवं गिऱ्हाईक आलं की झाकण उघडून दाखवत. आत एक गोल घर असतं आणि त्या घरात रोटर. हा रोटर मधोमध बसत नाही. घुश्श्यात असलेल्या पाहुण्यासारखा एका भिंतीला चिकटून बसतो. म्हणून दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीसारखी जागा उरते, आणि सगळा खेळ त्या जागेचा. रोटरला खाच, खाचेत दोन पाती, पात्यांमध्ये स्प्रिंग. रोटर फिरला की पाती बाहेर सरकून भिंतीला घासत जातात. पात्याच्या मागची जागा वाढत जाते, ती हवा आत ओढते. पुढची आवळत जाते, ती हवेला दाबत दाबत वरच्या झडपेतून बाहेर ढकलते. मिनिटाला दीड हजार वेळा हेच. "पण खरं काम तेलाचं," मिस्त्री बोट वर करत. पातं आणि भिंत यांच्यात केसभर फट राहतेच, ती तेल बुजवतं. तेल नसेल तर पाती म्हणजे कडी नसलेली दारं. आणि हवा दाबली की तापते. त्या तापलेल्या हवेला रोज तोंड द्यायचं तेही तेलानंच.

म्हणून मिस्त्री आधी तेल बघत. चिमटीत थेंब घेऊन चोळायचा आणि नाकाशी न्यायचा. जळकट वास आला तर पंप तापतोय. आंबूस आला तर पाणी शिरलंय. गोडसर आला तर फ्रिजचा गॅस. गिऱ्हाईक अजून तक्रार सांगत असे तोवर यांचं निदान झालेलं असे. मिस्त्रींचं नाक म्हणजे मीटर, असं लोक म्हणत, आणि ते ऐकून या बुजऱ्या माणसाची मान जराशी ताठ होई. तेवढीच एक मिजास त्यांना होती.

गेल्या थंडीत ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला.

आधी वाटलं सर्दी आहे, येईल परत. महिना झाला, दोन झाले. एका सकाळी शेगडीवर दूध करपून काळं झालं आणि मिस्त्री शेजारीच पेपर वाचत बसले होते. बायको धावत आली. "अहो, लक्ष कुठे असतं तुमचं? सगळं घर धुराने भरलंय." मिस्त्री म्हणाले, वाचण्यात गुंगलो होतो. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. पण सांगितलं नाही, ना बायकोला, ना डॉक्टरला. नाक गेलं हे बाहेर कळलं तर या वयात नाक कापलं जाईल, असं त्यांच्या मनाने घेतलं. ते पूर्वीसारखाच थेंब चोळत, नाकाशी नेत, मान हलवत, आणि मग तेलाचा रंग आणि पंपाचा आवाज यांवरून अंदाजाने बोलत. अंदाज बहुतेक खरे निघत. खरे निघत म्हणूनच ते चालू राहिलं.

मिस्त्रींची धाकटी बहीण गावाबाहेरच्या गॅस भरायच्या कारखान्यात भरण विभागाची प्रमुख होती. आई-वडील लवकर गेले, हिला यांनीच वाढवलं, शिकवलं. पन्नाशी उलटली तरी ते तिला चिमणे म्हणत. ती हाताखालच्या वीस माणसांना नुसत्या नजरेने सरळ करी, पण दादासमोर अजून मांडी घालून जमिनीवर बसे. तिच्या कारखान्यात गॅसच्या दोन रांगा होत्या, नायट्रोजनची आणि ऑक्सिजनची. परत आलेला सिलिंडर भरण्याआधी पंप लावून आतला शिळा गॅस पार ओढून घ्यावा लागे. नायट्रोजनकडचा पंप बारा वर्षं दादाकडेच दुरुस्तीला येत होता. ऑक्सिजनकडचा मात्र परगावच्या एका जाणकाराकडे जाई. मिस्त्रींनी तो कधी पाहिला नव्हता.

त्या सोमवारी कारखान्याच्या ड्रायव्हरने एक पंप आणून ओट्यावर ठेवला. करड्या रंगाचा, नेहमीच्याच बनावटीचा. खोक्यात फडक्यात गुंडाळलेली एक बाटली होती आणि धाकटीच्या अक्षरात चिठ्ठी. घरी "अरे दादा" म्हणणारी धाकटी कारखान्याच्या कागदावर मात्र दादालाही "आपण" लिही. चिठ्ठीत होतं: पंप क्र. २. पाती व सील बदलावीत. तेल आपलेच भरावे.

मिस्त्रींनी चिठ्ठी दोनदा वाचली. क्रमांक दोन म्हणजे नायट्रोजनला दुसरा पंप घेतला वाटतं, असं त्यांना वाटलं. आणि "आपलेच" या शब्दावर ते जरा रेंगाळले. आजवर ती नुसतं "तेल बदलावे" लिहीत असे. आता आपलेच! म्हणजे मिस्त्रींच्या डब्यातलं, मिस्त्रींनी पारखून आणलेलं. अलीकडे त्यांचं त्यांनाच स्वतःबद्दल काही खात्रीने वाटत नव्हतं. अशात बहिणीने असं लिहावं, याचं त्यांना बरं वाटलं.

मग बाटली. लेबल फाटून निघालेलं, आतला द्रव पाण्यासारखा स्वच्छ. त्यांनी बूच काढून नाकाशी धरली. काही नाही. त्यात नवल ते काय, हल्ली घासलेटही त्यांना काही सांगत नव्हतं. भाग धुवायला काहीतरी दिलं असेल. एरवी त्यांनी लगेच फोन लावून विचारलं असतं, चिमणे, ही बाटली कसली? पण ती म्हणाली असती, हुंगून बघ की! म्हणून त्यांनी बूच लावून बाटली फळीवर ठेवली.

जुनं तेल काढलं. तेही जवळजवळ स्वच्छच. चिमटीत चोळलं, सवयीने नाकाशी नेलं, मान हलवली. एकटेच होते, तरी हलवली. त्या काढलेल्या तेलाचा डबा उचलून बाजूला ठेवताना हाताला भलताच जड लागला. दोन डबे उचलतोय असं वाटलं. त्यांनी तो दोष मनगटाला दिला. वय झालं की सगळंच जड होतं.

दोन दिवस मन लावून काम केलं. नवी पाती घातली, नवी सीलं, धूर अडवणारा पांढराशुभ्र नवा फिल्टर. स्वतःच्या डब्यातलं तेल काचेवरच्या खुणेपर्यंत भरलं. तासभर चालवून पाहिला. मीटरचा काटा खाली गेला तो हललाच नाही. बुधवारी दुपारी ड्रायव्हर पंप घेऊन गेला.

गुरुवारी सकाळी मिस्त्री ओट्यावरची ताटली धुवायला बसले. त्या पंपाच्या जुन्या तेलाचे ओघळ तिच्यात राहिले होते. ताटली बादलीतल्या पाण्यात बुडवली आणि तेल सुटून तळाला गेलं.

ते बघत राहिले. तेलाने वर यायचं असतं. जन्मभर तेल पाण्यावर तरंगतानाच पाहिलेलं. इथे ते गोल गोल मण्यांसारखं घरंगळत खाली चाललं होतं आणि तळाला एकमेकांना चिकटून पडत होतं. त्यांनी हात घालून पाणी ढवळलं. मणी उठले, फिरले, परत खाली बसले. मिस्त्री उठले. फळीवरची बाटली काढली आणि तिच्यातला एक थेंब बादलीत टाकला. तो दगडासारखा तळाला गेला.

चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या उस्तादांनी सांगितलेलं वाक्य तेव्हा त्यांना आठवलं. असलं तेल उस्तादांनीही फक्त ऐकलेलं होतं. जे तेल बुडतं ते जळत नाही, म्हणाले होते. वास नाही, आग नाही, किंमत मात्र सोन्याची. ते फक्त ऑक्सिजनच्या पंपात घालतात. कारण साधं तेल आणि कोंडलेला ऑक्सिजन एका घरात ठेवले, वर दाबून तापवले, की काडी ओढावी लागत नाही.

मिस्त्रींनी ताटली खाली ठेवली. बादलीत पाणी अजून हलत होतं.

बाटलीला वास नव्हता, कारण त्या तेलाला वासच नसतो. नाक शाबूत असतं तर एका क्षणात कळलं असतं, की हे घासलेट नाही, साबण नाही, आपल्या ओळखीचं काहीच नाही. त्यांनी तो दोष नाकावर ढकलला होता आणि गप्प बसले होते.

त्यांनी फोन लावला. धाकटी उचलेना. उचलणार कशी, भरणाच्या शेडमध्ये जाताना सगळ्यांचे फोन फाटकावरच्या पेटीत काढून ठेवतात. मग ऑफिसला लावला. कारकून बाई ओळखीच्या, तोंडाने मोकळ्या. म्हणाल्या, पंप झकास झालाय काका, काल संध्याकाळी बसवला, एक सिलिंडर ओढूनही बघितला. आज अकराला पूर्ण रांग लावणार आहेत. मॅडम शेडमध्येच आहेत, काही निरोप देऊ का?

घड्याळात दहाला पाच कमी होते. एवढंच सांगायचं होतं, तो पंप चालू करू नका. पण त्या विचारणार, का? मग त्या शेडमध्ये जाऊन सांगणार, काकांनी चुकीचं तेल घातलं. वीस माणसं ऐकणार. धाकटीच्या तोंडावर ऐकणार.

"नको," मिस्त्री म्हणाले. "सहज केला होता."

अजून एक तास आहे, त्यांनी स्वतःला समजावलं. स्कूटरने पाऊण तासाचा रस्ता. जाऊन चिमणीला बाजूला घेऊन हळूच सांगू. पंप परत आणू, धुऊन काढू, कुणाला कळायचं नाही. बाटली पिशवीत घालून ते निघाले. बायको मागून विचारत होती कुठे चाललात, त्यांनी ऐकलं नाही.

अर्ध्या वाटेवर रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी येत होती. एकेक डबा सावकाश पुढे जाऊ लागला, जसं काही मोजून चालायला सांगितलंय. मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे काल ओढलेला एक सिलिंडर होता. एका सिलिंडरला काही झालं नाही. पण तेव्हा पंप गार होता. आज तो आधी अर्धा तास तोंड बंद ठेवून चालवतील, तेल चांगलं तापू देतील, मग सिलिंडरकडची झडप उघडतील. तशी शिस्तच आहे. धाकटी शिस्तीची पक्की, आणि झडप ती दुसऱ्याच्या हातात देत नाही.

खिशात फोन होता. त्यांनी काढला. ऑफिसचा नंबर समोर आणला. शेजारच्या टेम्पोवाल्याने त्यांच्याकडे बघितलं, उगाचच, फाटक बंद असलं की माणसं बघतात तसं. मिस्त्रींनी फोन परत खिशात ठेवला. आता पोचतोच आहे.

गाडी संपली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

कारखान्याच्या फाटकावर पोचले तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती. पहारेकरी नवा, नियमाला धरून चालणारा. वही पुढे सरकवली. नाव, काम, कुणाला भेटायचं. मिस्त्रींनी पेन हातात घेतलं आणि त्यांना आवाज आला.

अंगणापलीकडच्या शेडमधून येत होता. टक टक टक टक, कोरडा, बारीक, लाकडावर नखाने वाजवल्यासारखा. दुसऱ्या कुणाला तो ऐकूही आला नसता. पंपाचं तोंड बंद असलं आणि आत ओढायला काही उरलं नाही, की तेल असं टकटकतं. आवाज चालू आहे तोवर झडप बंद आहे. झडप उघडली की टकटक थांबते आणि घरघर सुरू होते.

"मला आत जाऊ दे," ते म्हणाले.

"पास लागतो, बाबा. मॅडमना कळवतो, त्या येतील. बसा सावलीत."

"ती पंपाजवळ आहे का?"

"असतील. आज मोठं काम आहे ना."

टक टक टक. पहारेकरी वहीत डोकावत होता. दोन कामगार रिकामा सिलिंडर तिरका धरून फिरवत फिरवत नेत होते, त्यांतला एक मिस्त्रींना ओळखत होता. हसून म्हणाला, "काय पोकळमिस्त्री, आज इकडे कुठे?" आणि त्याच वेळी, भिंतीवरच्या घड्याळात अजून पाच मिनिटं बाकी असताना, ती टकटक अडखळली. एकच ठोका चुकला.

मिस्त्रींना पुढचं नीट आठवत नाही. जन्मात कधी चार माणसांत आवाज न चढवलेला हा माणूस फाटकाच्या गजांना धरून ओरडला, "पंप बंद करा! मी त्यात साधं तेल घातलंय. मला वास येत नाही. मला कशाचाच वास येत नाही!"

शेवटचं कुणाला काही कळलं नाही. पण पहिलं कळलं. ओळखीच्या कामगाराने सिलिंडर दुसऱ्याच्या अंगावर सोडला आणि तो शेडकडे पळाला. आतून धाकटीचा आवाज आला, एकच शब्द, आणि सगळं शांत झालं.

पंप गार व्हायला वेळ लागला. तोवर माणसं अंगणाच्या पार पलीकडच्या कडेला उभी होती. मग धाकटीने स्वतः झाकण उघडलं. झडपेवर हात होता तिचा, तिने सांगितलं, पाव आटा फिरवलाच होता. तिने फिल्टर काढून उन्हात धरला. मिस्त्रींनी दोन दिवसांपूर्वी बसवलेला पांढराशुभ्र फिल्टर. मधोमध अंगठ्याएवढा काळा डाग होता, कडेला तपकिरी, आणि तिथली लोकर आक्रसून कडक झाली होती. आज तर गॅस आत जेमतेम शिरला होता. हे कालचं होतं, एका सिलिंडरचं, गार पंपातलं. सगळे निघून गेल्यावर आत काहीतरी पेटलं होतं, आणि काय मनात आलं कोण जाणे, आपलं आपण विझलं होतं.

धाकटीने तो नाकाशी नेला आणि चेहरा वळवला. मग तिने दादाकडे पाहिलं. मिस्त्रींनी बाटली पुढे केली, भरलेली, बूच न उघडल्यासारखी.

"चिठ्ठीत लिहिलं होतं ना," ती हळू म्हणाली, "तेल आपलंच भरावं म्हणून."

"मी आपलंच भरलं."

मग तिच्या लक्षात आलं. "आपलं म्हणजे आमचं, दादा. इथलं. सोबत पाठवलेलं."

"मला वाटलं आपलं म्हणजे माझं."

जवळ उभा असलेला कामगार हसणार होता, पण धाकटीचं तोंड बघून त्याने ते गिळलं. परगावच्या जाणकाराने यंदा काम सोडलं म्हणून पंप तिने दादाकडे पाठवला होता. दादाला सगळं कळतं, त्याला काय फोड करून सांगायचं, म्हणून एक ओळ लिहिली होती. ते तिने कबूल केलं, सगळ्यांसमोर. नाकाचं ऐकलं तेव्हा तिचे डोळे भरले. तू मला सांगितलं नाहीस, एवढंच म्हणाली. पण रागावली नाही. मिस्त्रींना वाटलं, निभावलं.

तेवढ्यात ऑफिसातून कारकून बाई आल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. "काका, तुम्ही आलात होय? मघाशी फोनवर म्हणाला असतात तर मीच..." आणि त्या थांबल्या.

धाकटीने विचारलं, "मघाशी म्हणजे कधी?"

ती दादाजवळ आली, अगदी जवळ, लहानपणी गुपित सांगायला येई तशी. "तुला घरीच कळलं होतं?"

मिस्त्रींनी होकाराची मान हलवली.

"आणि तू सांगितलं नाहीस."

"तुला एकटीला सांगणार होतो."

"माझ्या बाजूला चौघं उभे होते, दादा," ती म्हणाली. "त्यातल्या एकाचं लग्न ठरलंय."

मग ती ऑफिसात गेली. अशा वेळी भरायचा एक छापील कागद असतो, तो काढला. काय झालं, कधी, कुणाच्या चुकीने. वरचा भाग तिने स्वतः लिहिला, आधी स्वतःची चिठ्ठी, तिच्यातला तो शब्द, तो कसा दोन्हीकडे लागतो ते. मग दादाचं नाक. लिहून झाल्यावर कागद टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. खाली चार ओळी रिकाम्या होत्या.

"पुढचं तू लिही," ती म्हणाली. "किंवा नको लिहूस. मी कुणाला सांगणार नाही."

मिस्त्रींनी पेन घेतलं. ते हळूहळू लिहीत गेले. सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना फोन केला. निरोप विचारला तेव्हा सहज केला असं सांगितलं. रेल्वे फाटकात बारा मिनिटं थांबलो, फोन खिशात होता, केला नाही. इथे ते थांबले. अजून एक ओळ उरली होती. तिच्यात त्यांनी लिहिलं, लाज वाटत होती.

धाकटीने कागद वाचला. खाली सही केली, तारीख घातली, शिक्का मारला. मग उभं राहून, दादा नव्हे तर बाहेरचा कुणी समोर असावा तशी, ती म्हणाली, "आपले पंप यापुढे आपल्याकडे येणार नाहीत."

या वेळी तो शब्द कुठे कुणाला लागतो हे मिस्त्रींना विचारावं लागलं नाही.